ती पत्रं मी जाळली नव्हती

त्या काळात अख्ख्या कोलंबियात माझ्याइतकं चांगलं रडणारा पुरुष दुसरा नव्हता, हे मी नम्रपणे सांगतो. ही कला मला कुणी शिकवली नाही. ती मला मयतीच्या घरांनी दिली.

आमच्या मागांगे गावात माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना चालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी-बिस्किटं मिळतात. माझी एदुविहेस आत्या प्रार्थना सांगायला जायची आणि मी सात वर्षांचा पोरगा बिस्किटांसाठी तिच्या मागे. नुसतं बसणाऱ्या पोराला दोन बिस्किटं मिळतात आणि रडणाऱ्याला चार, हे माझ्या लवकर लक्षात आलं. आधी डाव्या डोळ्यातून पाणी काढायचं, मग उजव्या. गेलेल्या माणसाला मी बहुतेक वेळा पाहिलेलंही नसायचं. कापडाचा एक मोठा व्यापारी वारला तेव्हा मी इतका रडलो, की त्याची बायको स्वतःचं रडणं थांबवून मला पाणी द्यायला उठली. मग माझ्याकडे बघत राहिली. ‘हे पोर कुणाचं?’ तिने आत्याला जरा वेगळ्याच आवाजात विचारलं. त्यानंतर आत्याने मला नेणं बंद केलं.

बाबा मागदालेना नदीवर लाँचचे सारंग होते. बोलणं मोजकं. पाण्याखाली वाळू कुठे साचली आहे हे त्यांना नुसत्या पाण्याच्या रंगावरून कळायचं. आपल्यामागे सुकाणू मी धरणार, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. मी एकोणीस वर्षांचा झालो तेव्हा बंदराच्या कचेरीत माझी परवान्याची परीक्षा ठरली. बाबांनी मला नवा शर्ट शिवून आणला. मी तो शर्ट घातला आणि गावात आलेल्या फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघून गेलो. बाबा दुपारपर्यंत कचेरीच्या दारात उभे होते, असं आईने नंतर सांगितलं.

तेव्हापासून अकरा वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नाताळात घरी गेलो की जेवताना आईला सांगायचे, ‘त्याला मासा वाढ.’ तेवढंच.

बोगोतात मी पहिली काही वर्षं मालिकांमध्ये ट्रे धरला. ‘बाई, कॉफी,’ हा माझा पहिला संवाद. दुसऱ्या वर्षी बढती मिळाली: ‘बाई, वकील आलेत.’ मग दोनदा प्रेत झालो. दुसऱ्या वेळी शिंकलो, म्हणून वर्षभर काम नव्हतं. आणि चौऱ्याऐंशी साली गोन्सालो मिळाला.

गोन्सालो हा एका मोठ्या मळ्याचा दिवाणजी. मळ्याची मालकीण आल्बा नावाची आंधळी पोर. तिचा प्रियकर परदेशातून तिला पत्रं पाठवतो, आणि गोन्सालो ती चुलीत घालतो. एका भागाला एक पत्र. जाळताना मी किंचित हसायचो. ते हसू मी स्वतः बसवलं होतं, दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं.

देश माझ्यावर थुंकू लागला. बोगोतातल्या एका बेकरीत एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातातली पावाची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, ‘उपाशी राहा.’ मी इतका खूश झालो, की खरंच उपाशी झोपलो.

मग गावाहून आईचा फोन आला.

‘निकानोर, त्या पोरीची पत्रं का जाळलीस?’

‘आई, मी नाही जाळली. तसं लिहिलेलं असतं.’

‘लिहिलेलं असलं म्हणून जाळायची? तुला नाही म्हणता आलं नाही?’

आई नदीकाठी कारिमान्योला विकायची. युकाचा कंद उकडून मळायचा, आत खिमा भरायचा, तळायचा. तिच्या कढईपुढे सकाळी माणसं ताटकळत उभी असायची. आता कुणी फिरकत नव्हतं. ‘शनिवारी सत्तर तळल्या, साठ घरी आणल्या,’ आई म्हणाली. ‘तुझे बाबा तीन दिवस तेच खातायत. काही बोलत नाहीत, पण खातायत.’

‘आई, लोकांना कळत नाही का, हे खोटं असतं म्हणून?’

‘सगळ्यांना कळतं रे. ते काय अडाणी आहेत? पण चेहरा तर तुझाच आहे ना.’

आणि मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. माझी धाकटी बहीण यादिरा हिचं लग्न मोडलं होतं. मुलगा रोमुलो चांगला, शांत. त्याची आई बेत्साबेबाई, तिचं लाँचच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान. ती म्हणाली होती, ‘ज्या घरात असला माणूस निपजला, त्या घरची पोर मला सून म्हणून नको.’

‘आई, तू काळजी करू नकोस,’ मी म्हणालो. ‘मी येतो. बेत्साबेकाकूंनी मला समोर बसलेलं बघितलं, की पाच मिनिटांत त्यांचं मत बदलेल.’

आज हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते.

बेत्साबेकाकू दुकानात स्टुलावर बसून एक प्लग घासत होत्या. मी समजावत होतो, त्या घासत होत्या. नाटक म्हणजे काय, लेखक म्हणजे काय, सगळं सांगून झालं. त्या म्हणाल्या, ‘मला सगळं माहीत आहे. पण ते हसू? तेही लेखकाने लिहिलं होतं?’

हसू माझंच होतं. मागे यादिरा दाराशी उभी होती. तिने लग्नाच्या पोशाखाचं कापड बेतून ठेवलं होतं, हे मला आईने सकाळीच दाखवलं होतं. ते कापड डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं. दोन्ही डोळ्यांतून एकदम, नाकही वाहायला लागलं. कला म्हणून अगदी वाईट.

बेत्साबेकाकूंनी प्लग खाली ठेवला. ‘मंगळवारच्या भागात न्यायाधीशासमोर असाच रडलास,’ त्या म्हणाल्या. ‘मीही रडले तुझ्याबरोबर. आणि बाहेर येऊन त्या वकिलाला काय म्हणालास? “म्हातारा विरघळला.”’

‘काकू, हे खरं रडणं आहे.’

‘हेही म्हणाला होतास.’

घरी जाताना यादिरा वाटभर पुढे चालत राहिली. दाराशी आल्यावर म्हणाली, ‘दादा, तू उद्याच जा. तू इथे असलास की लोक जास्त बघतात.’ तिने ते अगदी मायेने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. बाबा आत बसले होते. त्यांनी ऐकलं असणार. ते उठून नदीकडे गेले.

बोगोतात परतल्यावर मी मालिकेच्या लेखिकेचं, ग्रासिएलाबाई तोबार यांचं दार ठोठावलं. नटाने असं जाणं म्हणजे आगाऊपणा.

‘तुला नव्वदाव्या भागात नदीत बुडवणार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘दृश्य छान झालंय.’

‘बुडवू नका. गोन्सालोला चांगलं करा.’

‘का?’

‘माझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय.’

बाईंनी सिगारेट विझवली. ‘तीस वर्षं लिहितेय. इतकं सरळ कारण मला कुणी दिलं नव्हतं.’ त्यांनी नव्वदाव्या भागाची पानं टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, ‘तू पस्तावशील. आणि तुझे दोन्ही डोळे आल्बाला देशील.’

‘जिवंतपणी? डॉक्टर तयार होतील?’

‘डॉक्टरही मीच लिहिते.’

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी, असं म्हणतात, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गोन्सालो आंधळा झाला. आल्बाला दिसू लागलं. तिला वाईट वाटू नये म्हणून पट्टी सोडल्यावर गोन्सालो आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिला, ‘मला दिसतंय, अगदी स्वच्छ दिसतंय,’ आणि भिंतींवर आपटत राहिला. हे मी मन लावून केलं.

आईची कढई दहाच्या आत रिकामी होऊ लागली. बेत्साबेकाकू स्वतः नदीकाठी आल्या, दोन कारिमान्योला उभ्याने खाल्ल्या, तोंड पुसलं आणि लग्नाची तारीख सांगून गेल्या.

इथवर ठीक होतं. पण पट्टी चिकटवायच्या गोंदाने माझे डोळे खरोखर सुजले. लग्नासाठी निघालो तेव्हा ते टोमॅटोसारखे लाल होते, म्हणून काळा चष्मा लावला. मागांगेच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना जरा झोक गेला, आणि एका बाईने माझं कोपर धरलं.

‘हळू, गोन्सालोसाहेब. फळी आहे.’

‘मावशी, मला दिसतंय.’

तिचे डोळे भरून आले. मागच्या बाईला ती म्हणाली, ‘ऐकलंस? अजून तसंच म्हणतो.’

मी जे जे खरं बोलणार होतो ते ग्रासिएलाबाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं. मी पुन्हा म्हणालो, ‘खरंच दिसतंय हो,’ तर दोघी-चौघी जणी पदर असल्यासारखे हातरुमाल तोंडाला लावून उभ्या राहिल्या. सबंध धक्का बाजूला झाला आणि मला हाताला धरून घरी पोहोचवण्यात आलं.

आई म्हणाली, ‘तीन दिवस गप्प बस. लग्न होऊ दे.’

यादिरा आधी पोट धरून हसली, मग हात जोडून उभी राहिली. ‘दादा, फक्त तीन दिवस.’

मी तीन दिवस आंधळा झालो. बायका माझ्या माशातले काटे काढून द्यायच्या. माणसं माझ्याशी बोलताना ओरडायची. बाबा कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचे. त्यांच्या तोंडावर काही दिसायचं नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी मात्र घात झाला. बेत्साबेकाकू आमच्याकडे आल्या होत्या. टेबलाच्या कडेवरून एक ग्लास घसरला आणि मी तो हवेतच झेलला.

सगळे थांबले.

‘आवाजावरून,’ मी म्हणालो.

‘ग्लास पडल्यावर आवाज करतो,’ बेत्साबेकाकू म्हणाल्या. ‘पडताना नाही.’ त्यांनी पर्स उचलली. ‘उद्या चर्चमध्ये बघते.’

यादिराचा चेहरा उतरला. त्या बाईला खोटं सहन होत नाही हे रोमुलोनेच तिला सांगितलं होतं, आणि आता आम्ही घरभर खोटं मांडून बसलो होतो. सकाळी जाऊन सगळं कबूल करायचं, असं मी ठरवलं. कबूल केलं तर पुन्हा मालिकाच वाटेल, हेही मला माहीत होतं.

सकाळी आवरून बाहेर आलो तर दारात बाबा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. त्यांनी माझं कोपर धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

‘डावीकडे खड्डा आहे,’ ते म्हणाले.

मी डावीकडचा खड्डा बघितला आणि उजवीकडून गेलो.

‘चार पावलं सरळ. आता वळण.’

ते मला लाँच चालवल्यासारखे नेत होते, पुढचं बघत, हळू आवाजात. मला सगळं दिसतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते सांगत होते, आणि मी ऐकत होतो. नदीकाठाहून चर्चपर्यंतचा रस्ता लहानसा आहे. तो मोठा असता तर बरं झालं असतं.

‘बाबा,’ मी म्हणालो, ‘मी त्या दिवशी सांगून जायला हवं होतं.’

त्यांची पकड जरा घट्ट झाली. मी त्यांच्याकडे बघितलं. कानामागचे केस पार पांढरे झाले होते, मानेवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती, आणि ओठ हलत होते. ते काहीतरी म्हणत होते.

ते ‘पायरी’ म्हणत होते.

मी चर्चच्या दगडी पायरीवर तोंडावर आपटलो. चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं, नवा शर्ट लाल झाला. गर्दीतून हळहळ उठली. बेत्साबेकाकू वाट काढत आल्या, खाली वाकल्या आणि माझ्या सुजलेल्या डोळ्यांत रोखून बघायला लागल्या.

‘पायरी दिसली नाही?’

‘नाही, काकू.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबा पायरीवर गुडघे टेकून माझं नाक स्वतःच्या टोपीने पुसत होते, आणि त्यांना आजूबाजूचं भान नव्हतं. काकू उभ्या राहिल्या.

‘डोळस माणूस असा पडत नाही,’ त्या मोठ्याने लोकांना म्हणाल्या. मग माझ्या कानाशी येऊन, ‘पुन्हा पत्रं जाळू नकोस.’ आणि पाद्र्याला म्हणाल्या, ‘चला, सुरू करा. उशीर होतोय.’

यादिराचं लग्न झालं. माझं नाक मात्र जरा डावीकडे वाकलं ते कायमचं. बोगोतात दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. ग्रासिएलाबाईंनी शांतपणे कागद ओढला आणि पुढच्याच भागात आंधळा गोन्सालो तबेल्यात शिरतो आणि त्याला घोड्याची लाथ बसते, असं लिहून टाकलं.

तो भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला गावाहून फोन आला. पलीकडे बाबा होते. त्यांनी आयुष्यात मला केलेला तो पहिला फोन.

‘निकानोर,’ ते म्हणाले, ‘तो घोडा कुणाचा होता?’

‘बाबा, नाक पायरीवर फुटलं. तुम्हीच माझा हात धरला होता.’

‘ते मला माहीत आहे,’ बाबा म्हणाले. ‘घोडा कुणाचा ते विचारतोय.’