मोकळ्या मुलीचं दर तासाचं रीडिंग

"शाळा सोडली तं सोडली, पण मंग माह्या ओट्यावर कायले बसून राह्यते दिवसभर? मले लसूण सोलता सोलता उत्तरं द्या लागते!"

हे शेजारची कलाबाई कोणाला उद्देशून म्हणाली नव्हती. पण ऊर्जानगरच्या क्वार्टरांची भिंत अशी, की एका घरात पुटपुटलं की दुसऱ्या घरात रुजू होतं. पलीकडे निशातच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं आणि लग्नातल्या ब्लाउजची बाही अर्धीच राहिली.

मुलाला शाळेतून काढायला एक अर्ज पुरतो. त्यानंतर मात्र संघटना लागते.

निशात आणि अयूबने दिवाळीनंतर आपल्या मुलीला, नाहीदला, शाळेतून काढलं. कारण साधं होतं. नऊ वर्षांची नाहीद शाळेचा ऑटो दारात वाजला की उलटी करायची. रविवारी तेच पोट ठणठणीत. अयूब वीज केंद्रात फिटर. सुट्टीच्या दिवशी जे मशीन बिघडत नाही, त्याचा दोष मशीनमध्ये नसतो, एवढं त्याला कळत होतं. त्याने अर्ज दिला. उलट्या थांबल्या. पोरगी दोन पोळ्या जास्त खाऊ लागली आणि कलाबाईच्या ओट्यावर बसून जगाची चौकशी करू लागली. गोष्ट इथेच संपायला काही हरकत नव्हती. पण या वाटेवर कुटुंब नवीन होतं, आणि नवीन कुटुंबाला एकटं सोडणं सुसंस्कृत वसाहतीला शोभत नाही.

ऊर्जानगरात या कामासाठी 'मुक्तशिक्षण कुटुंब आधार समिती' होती. अध्यक्ष धनराजभाऊ. त्यांनी आपल्या करिश्माला दोन वर्षांपूर्वीच शाळेतून काढल्यामुळे ते सर्वांत ज्येष्ठ. समितीच्या पाहणीनुसार नवीन कुटुंबांपैकी शंभर टक्के कुटुंबांना आधाराची तीव्र गरज होती. (पाहणीच्या वेळी नवीन कुटुंब एकच होतं. त्याला विचारलेलं नव्हतं.)

समितीचं तत्त्व उदात्त होतं. मुलाला पूर्ण मोकळं सोडायचं, आणि ते मोकळं आहे की नाही यावर बारीक नजर ठेवायची. आता धनराजभाऊंची आजवरची सारी नोकरी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेलेली. तिथे दर तासाला रीडिंग घेतात: तापमान, दाब, कंपनं, लोड. माणूस जेवणार नाही, पण रीडिंग चुकवणार नाही. भाऊंनी तोच तक्ता थोडा सुधारून नाहीदला लावला. तापमानाच्या जागी कुतूहल आलं, कंपनांच्या जागी चुळबुळ. दाबाचा रकाना त्यांनी तसाच ठेवला, कारण मोकळ्या मुलावर दाब शून्य असतो हे दर तासाला सिद्ध व्हायला हवं. (शून्य न आल्यास मुलाला समज द्यावी.)

पहिल्या दिवशीचं रीडिंग असं होतं. सकाळी दहा: मुंगीकडे पाहते. अकरा: तीच मुंगी. बारा: मुंगी गेली, पाहणं चालू. एक: झोप. शेरा: संच अचानक ट्रिप, म्हणजे बंद.

रीडिंग घ्यायचं म्हणजे माणूस हवा. म्हणून सकाळच्या शिफ्टला धनराजभाऊंची बायको सीता, दुपारी आणखी कोणी, संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर स्वतः भाऊ, असे आधार देणारे निशातच्या घरी येऊ लागले. आधार देणाऱ्याला चहा लागतो. कधी पोहेही लागतात. ब्लाउजवाल्या बायका दारातून परत जाऊ लागल्या. एक मुलगी मोकळी राहावी म्हणून इतकी मोठी माणसं अडकून पडली, याचा सीतेला मोठा अभिमान वाटे.

मुलाला 'आज काय शिकलीस?' असं विचारायला सक्त मनाई होती. विचारायचंच तर 'सहज' म्हणून विचारावं, असा ठराव होता. त्यामुळे सगळे सहजच विचारत. सहज, सात आठे किती? सहज, गोदावरी कुठून निघते? महिन्याभरात नाहीद एवढं नक्की शिकली, की मोठ्या माणसाने 'सहज' म्हटलं की मागच्या दाराने पळायचं. (रकाना: चुळबुळ. रीडिंग: अति.)

फेब्रुवारीत समितीने आलापल्लीच्या सागवनात मुक्त शोधाची सहल काढली. मुलांनी आपल्या मनाने कोणत्या गोष्टी शोधायच्या, त्याची यादी आदल्या दिवशीच वाटली होती. नाहीद बसमध्येच थांबली आणि ड्रायव्हरकाकांकडून गियर कसा पडतो ते समजून घेत बसली. ते यादीत नसल्यामुळे धरलं गेलं नाही.

ज्येष्ठ मुलांबद्दल समितीत फार बोलत नसत. करिश्मा रोज संध्याकाळी कंपनीच्या बसने चंद्रपूरला पोहायला जाई. तिच्या पिशवीत वर टॉवेल असे आणि खाली गणिताच्या वह्या. टॉवेल कोरडाच परत येई. त्यावर कोणी सहजही काही विचारत नसे.

असा सगळा आधार चालू असताना जून आला. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला: नाहीदची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली आहे, मग दुसऱ्या मुलीला देऊ, आणि वर्षभर पुन्हा विचारू नका. निशातची झोप उडाली. अयूब ड्यूटीवरून आला की ती म्हणे, "तुमीच सांगा." तो म्हणे, "समितीत विचारू." समिती म्हणे, "कुटुंबानं ठरवावं."

रविवारी संध्याकाळी निशातच्या घरी तातडीची बैठक भरली. कलाबाई आपलं उसनं दिलेलं भगुनं परत न्यायला आली आणि कूलरसमोर बसली ती उठलीच नाही. नाहीद तिच्याजवळ आंब्याच्या रसात पोळी बुडवत होती. धनराजभाऊंनी ठराव वाचला: "समिती निर्णय पूर्णपणे कुटुंबावर सोपवते, आणि तो बरोबर निघाल्यास त्याला भक्कम पाठिंबा देते."

टाळ्या झाल्या. निशात चहाचा ट्रे घेऊन उभीच होती.

"धनराजभाऊ, एकच सांगा जी. माही पोरगी मागं पडन का?"

"बाई, मागं-पुढं ही शाळेची भाषा झाली. आपल्यात प्रवास असते."

"मंग प्रवासात मागं पडन का?"

"आपण याच्यावर एक शिबिर घेऊ नं..."

निशातने ट्रे खाली ठेवला. कप एकमेकांवर वाजले.

"मले भेव लागते, भाऊ. रोज लागते. तुमी एवढे लोक येता, चहा पेता, मुंगी लिहून नेता. पण एकानं तरी म्हटलं का, का आमालेबी लागते म्हणून?"

 आधी सीतेने पदर तोंडाला लावला. "मले तं दोन वर्षं झाले," ती म्हणाली. "यायलेबी लागते. रात्री उठून बसते हा माणूस." धनराजभाऊंनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि कपातली साय बोटाने बाजूला करत बसले. अयूब भिंतीकडे पाहत म्हणाला, "अर्ज द्यायले गेलो तं दोनदा शाळेच्या गेटावरून परत फिरलो मी. तुले सांगतलं नाई."

समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणी कोणाला आधार देत नव्हतं, आणि निशातला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. तिने नाहीदकडे पाहिलं. पोरीच्या कोपरापर्यंत रस गेला होता.

"भेव लागनच," निशात म्हणाली. "पण पोरगी जेवून राह्यली. उद्या मी जात नाई शाळेत. देऊन टाका म्हणा जागा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाहीदने आणखी एक पोळी मागितली.

तेवढ्यात कलाबाईने भगुनं मांडीवर आपटलं. तिची दोन्ही पोरं त्याच शाळेत होती. टाय, डबा, पहिला बाक, संध्याकाळी दोन शिकवण्या, सगळं यथास्थित. एकही दिवस बुडालेला नाही.

"तुमचं तं बरं आहे बापा," ती म्हणाली. "तुमच्या भेवाले समिती आहे, चहा आहे. माहे दोन्ही पोट्टे रोज शाळेत जाऊन राह्यले, तरी मले तेवढंच भेव लागते. आमी कोणाच्या घरी जाऊन बसावं?"