लाटसाहेबांची रजा

मुंबईच्या लाटसाहेबांना रोज सकाळी अकरा वाजता रांगेत उभं करायचं काम विसाजीपंत करीत. खरे लाटसाहेब, म्हणजे इलाख्याचे गव्हर्नर, त्या वेळी मलबार हिलवर निवांत चहा पीत असतील. पंतांचे लाटसाहेब मात्र आमच्या कचेरीसमोरच्या चिंचेखाली हातात अर्ज धरून ताटकळत असायचे.

कचेरी ठाण्यातली. कोणती ते सांगत नाही, माझं पेन्शन चालू आहे. मी तिथे आवक कारकून होतो, कल्याणहून आगगाडीने यायचो. विसाजीपंत अर्जनवीस, म्हणजे लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज लिहून देणारे. चिंचेखाली बसायचा परवाना, एक उतरतं मेज, दौत, बोरू आणि जिभेवर एकच वाक्य : "अर्ज केला होता का?" कुणी शिंकलं तरी विचारायचे. मला मुलगा झाला तेव्हा पेढा घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "वा, वा! अर्ज केला होता का?" मला ते नावाने कधी हाक मारीत नसत. "काय आवक, आज काय आलं?" एवढंच.

कचेरीतल्या साहेबांची स्वारी येईपर्यंत गिऱ्हाइकांना तासन्‌तास बसावं लागे. त्यांच्या करमणुकीसाठी पंतांनी एक जग रचलं होतं. दीडशे वर्षांनंतरचं ठाणं! तिथे घरांना दारं ठेवायची मनाई, कारण तपासनिसाला आत डोकवायला अडचण होते. रात्री पडलेलं स्वप्न सकाळी चावडीवर जाऊन लिहून द्यायचं. दोघांना एकच स्वप्न पडलं तर ते कट करताहेत असं धरायचं. रडायचं फक्त गुरुवारी, तेही परवानगीने. आणि गंमत म्हणजे तिथे राज्य करायला माणूसच उरलेला नव्हता. नियम करणारा साहेब केव्हाच मेलेला, आणि नियम रद्द करण्याचा अधिकार तेवढा कुणाला द्यायचा राहून गेलेला.

अशा त्या ठाण्यात आमचे लाटसाहेब खालच्या पायरीचे कारकून होते. खऱ्या लाटसाहेबांना पंतांनी एकदा ठाणे स्टेशनात ओझरतं पाहिलं होतं. "मानेवर घामोळं आलेलं हो," असं ते फार आपुलकीने सांगत. पण दया म्हणून नाही. लाटसाहेबांना छत्री उघडायची असो की कूस बदलायची असो, अर्ज! लोक हसून लोळायचे. कोपरच्या मिठागरावरची हिरीबाय तर स्वतःच्या जागेचं काम विसरून विचारायची, "पंत, आज काय झाला आमच्या लाटाचा?"

एक दिवस पंतांनी कथेत नवाच पेच आणला. तिकडे विलायतेत लाटसाहेबांची आई आजारी पडली. रजा हवी. लोकांनी आग्रह धरला म्हणून पंतांनी अर्ज खरोखरच कागदावर उतरवला आणि खड्या आवाजात वाचून दाखवला. "अर्जदार लाट, धंदा पूर्वी राज्य करणे, हल्ली कारकुनी. मातोश्री अत्यवस्थ असून विलायतेत आहेत, तरी मेहेरबान होऊन जाण्याची परवानगी मिळावी."

दोन दिवसांनी मी आवक वही चाळत होतो. तो अर्ज वहीत होता. माझ्याच हस्ताक्षरात, माझ्याच शिक्क्याने! हिरीबायच्या कागदांत मिसळून तो आत आला आणि मी तो न वाचता नोंदवला. आवक कारकुनाने अर्ज वाचायचा नसतो, नोंदवायचा असतो.

मी धावत चिंचेखाली गेलो. "पंत, घात झाला! ही सरकारची टवाळी ठरेल. तुमचा परवाना जाईल, माझी नोकरी जाईल. कागद शिरस्तेदारांच्या मेजावर आहे, शिपायाला सांगून आत्ता काढून घेतो."

मला वाटलं, पंत घाबरतील. त्यांनी माझा हात धरला.

"काढू नका."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"काय उत्तर येतं ते मला बघायचंय. एवढं करा, आवक. हात जोडतो."

त्या माणसाने कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. बायको नाही, मूलबाळ नाही, कशाची हौस नाही. मी कागद राहू दिला आणि पुढचे आठ दिवस शिपायाची चाहूल लागली तरी दचकत होतो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. अर्जदार कोण, लाट म्हणजे कुठला लाट, एका शब्दाने विचारणा नव्हती. सही, शिक्का आणि खाली शेरा : "मातोश्री खरोखर आजारी असल्याबद्दल गावच्या पाटलाचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करावा."

विलायतेचा पाटील! मी हसत हसतच चिंचेखाली पोचलो आणि तो शेरा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माणसं पोट धरधरून हसली. विसाजीपंत तेवढे हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"अक्षरन् अक्षर तेच," ते मला हळूच म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी मी कारकून होतो. आई गावी, दापोलीकडे. तिची फार वाईट बातमी आली. रजेचा अर्ज केला, त्यावर हाच शेरा. मी दाखला मागवला, जोडला, पुन्हा अर्ज केला. रजा मंजूर झाली हो, झाली नाही असं नाही. मी पोचलो तो तेराव्याला. सगळं नियमाने केलं मी."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली.

लोक वाट पाहत होते. हिरीबाय पुढे सरकली. "मंग पंत? आता लाट काय करल? दाखला आनल का?"

पंतांनी तो सही-शिक्क्याचा कागद सगळ्यांसमोर उभा फाडला. सरकारी कागद! मी इकडेतिकडे पाहिलं, पण त्यांना अडवलं नाही.

"लाटसाहेबांनी दाखला आणला नाही," ते म्हणाले. "रजा न घेता निघाले. भर कचेरीतून उठले, तसेच बंदरावर गेले आणि बोटीत बसले."

"आनि नोकरी?"

"गेली."

"जाऊं दे ती!" हिरीबाय म्हणाली. "आयस भेटली का नाय त्याला?"

"भेटली तर," विसाजीपंत म्हणाले. "शुद्धीवर होती. ओळखलंन् त्याला. जेवलास का, म्हणाली."