गिझरवरची मुडी

मोरूकाका पाटलांना कुणीही स्वस्थ पडलेलं बघवत नाही. ते जवळ जातात, वाकतात आणि त्याच्या नाकाखाली बोट धरतात.

आमच्या इंद्रलोकमधल्या बिल्डिंगचा वॉचमन दुपारी खुर्चीत झोपतो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे आणि कुणाची काही तक्रारही नाही. काकांनी त्याच्या नाकाखाली बोट धरलं आणि तो खुर्चीसकट आडवा झाला. "काका, जिंदा हूं मैं," एवढंच तो बिचारा पुटपुटत राहिला. काकांचा जीव मात्र भांड्यात पडला. "जितं हाय," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या शहांच्या सासूबाईंवर सोफ्यावर हाच प्रयोग झाला, तेव्हापासून शहा दाराची साखळी काढत नाहीत.

"जितं हाय का?" हा काकांचा सगळ्यांना एकच प्रश्न. भिंतीवरच्या पालीला, माझ्या कुंडीतल्या गुलाबाला, विरजण लावलेल्या दुधाला. माझ्या फोनवर कुणी मिस्ड कॉल देऊन गप्प झालं, तरी यांना काळजी.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. परळहून इथे आले आणि तेव्हापासून जीवशास्त्राच्या शिकवण्या घेते. आता सांगूनच टाकते, मी जन्माची भित्री. बेडकाची आकृती फळ्यावर काढते तीसुद्धा जरा अंग चोरून. अशा बाईला हा शेजारी. दुपारी आडवी व्हायच्या आधी मी दोनदा कडी बघायची.

शिकवणीच्या वेळी मात्र वाऱ्यासाठी दार उघडं ठेवावं लागे, आणि मग काका येऊन बाहेर चपलांच्या स्टँडवर बसत. त्या दिवशी नववीला 'सजीवांची लक्षणं' चालू होती. सजीव श्वास घेतो, वाढतो, हालचाल करतो, असं माझं नेहमीचं दळण. बाहेरून आवाज आला, "बाय, भाताचं बी जितं का मेलेलं?"

पोरं खिदळली. मी म्हटलं, "जिवंत असतं काका. झोपलेलं असतं, इतकंच. श्वाससुद्धा घेतं, पण इतका सावकाश की कळत नाही."

"मंग झोपलेलं आन मेलेलं वळखाचं कसं?"

"पाणी देऊन बघायचं. जिवंत असलं तर मोड येतो." आणि मग आपलं ज्ञान पाजळावं म्हणून मी पुढे बोलले, "पण त्याला दमट आणि गरम जागेत ठेवलं तर ते झोपेतच मरतं."

काका उठले. चेहरा पांढराफटक. भिंतीला धरत धरत घरात गेले आणि आतून स्टूल पडल्याचा आवाज आला. मी पोरांना बसवून धावले, तर काका बाथरूममध्ये, गिझरच्या वरच्या माळ्यावरून एक मुडी काढत होते. मुडी म्हणजे पेंढ्याने आवळून बांधलेलं बियाण्याचं गोल गाठोडं. हात लावला तर पेंढा ओलसर आणि कोमट.

"माजी आयस चुलीच्या वर टांगाची," काका म्हणाले. "धुराची ऊब लागं, कीड न्हाय लागं. इथं चूल कुठली? औंदा ह्यो गिझर बसवला, ऊब फक्त याच्यापाशी." रोज दोन बादल्या वाफ त्या बियाण्याला मिळत होती, पावसाळा संपल्यापासून.

मी म्हटलं, काका, बी काय, बाजारात मिळेल दुसरं. तेव्हा त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, आतलं दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

ही बिल्डिंग उभी आहे ते त्यांचं शेत. त्यांच्या बायकोला, द्रुपदाकाकूंना, लकवा झाला, त्या दवाखान्यात होत्या, आणि औषधपाण्यासाठी काकांनी शेत बिल्डरला दिलं. काकूंना घरी आणलं ते या फ्लॅटमध्ये. गावातलं घर दुरुस्तीला काढलंय, असं सांगून. आपण आपल्याच शेतावर राहतो, हे त्यांना ठाऊक नाही. त्या आतल्या खोलीत पडून असतात, कुणाशी बोलत नाहीत. वर्षातून एकदा, पेरणीच्या सुमाराला विचारतात, "रोप कसं हाय?" मग काका गच्चीत जुन्या टबमध्ये वाढवलेलं रोप परातीत घालून त्यांना दाखवतात. तेच शेतातलं लाल भात. त्याचा वास त्यांना बरोब्बर कळतो, बाजारचं चालत नाही. सोसायटीने स्लॅब गळेल म्हणून त्या टबावरून किती भांडणं काढली होती, त्यात मीही होते.

"बी मेलं, तं मना सांगाला लागंल शेत इकलं म्हनून," काका म्हणाले. "ते आयकून ती ऱ्हाईल का?"

आम्ही मूठभर दाणे भिजवले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवले. पुढचे दिवस वाईट गेले. काकांनी कुणाच्या नाकाखाली बोट धरलं नाही. वॉचमनच मला विचारायला लागला, "मॅडम, काका ठीक है ना?" दारावरची बेल वाजली की वाटे, झालं, आता काय ऐकावं लागतंय.

एका सकाळी काका गोणपाट घेऊन दारात उभे. "बाय, तू उघड. माज्याच्यान न्हाय होत."

मी उघडलं. आंबूस, कुजका वास आला. दाणे काळे पडलेले, बुळबुळीत. काका तोंड फिरवून उभे. मी एकेक दाणा बोटाने बाजूला करत गेले, आणि तळाशी, गोणपाटाच्या घडीत, काही मोजक्या दाण्यांना पांढरं टोक फुटलेलं दिसलं.

"जितं हाय काका," मी म्हटलं.

ते हसलेसुद्धा नाहीत. "चल," म्हणाले, "मना एकट्याला भ्या वाटतं." मोड आलेले दाणे बशीत घेऊन आम्ही आत गेलो. काकूंना उशीला टेकवून बसवलं. काकांनी बशी पुढे धरली. काकू एकेक दाणा बघत गेल्या. मी देवाचं नाव घेत होते.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच. औंदा बी बाधलं गो."

काकूंनी चालत्या हाताने एक दाणा उचलला, हुंगला आणि परत ठेवला. "मंग एकच खाचर लावा," त्या म्हणाल्या. "बाकीचं शेत मोकलं ऱ्हाऊ द्या. गुरं चरतील."

"बरं," काका म्हणाले. "सांगतो गड्याला."

खाली, त्याच शेताच्या जागेवर, कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिची ती रिव्हर्सची ट्यून वाजत होती. काका उठले आणि काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच खिडकी लावून आले.