बारा मात्रांच्या मौनाची हकीकत

श्री. तारांस वंदन, घट्टे पडलेल्या बोटांस नमस्कार, आणि खोटे लिहिल्यास लेखणी मोडो ऐसी शपथ घेवोन, शेजारच्या घरी राहोन जे डोळां देखिले ते लिहितो.

शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सर, ते समयी दोन खोल्या आणि एक गॅलरी ऐसे जे राज्य, त्याचे धनी राजश्री अच्युतराव यांणी टेलिफोन खात्याच्या चाकरीवरून परतताना जुन्या बाजारी एक गिटार देखिली, आणि मोहित होवोन घरी आणिली. मग तिजसवे खोक्यात एक विलायती कागद निघाला, चार पानांचा, मथळा फाटलेला, आणि कोपऱ्यात दोन उभ्या रेघा. राजे म्हणाले, ही छापखान्याची खूण. मग गुरू नाही आणि सोबती नाही ऐसे असता, महाराजांनी विलायती स्वरलिपी सहा महिने घोकोन तो कागद ओळीओळीने बसविला, आणि तारा छेडावयास उजव्या हाताची चार नखे वाढवोन पॉलिश पेपराने घासोन गुळगुळीत केली, आणि तारा दाबावयास डाव्या हाताची मुळापासोन कापिली. राणीसाहेब हेमलताबाई म्हणाल्या, “एक हात तुमचा आणि एक अस्वलाचा. आता कणीक मळायला सांगायची सोयच राहिली नाही.” राजे हसले, आणि वाजवीत राहिले.

त्या सुरावटीत एक नवल होते. तीन ठिकाणी बारा बारा मात्रा काहीच नाही, निव्वळ थांबण्याच्या खुणा. राजे त्या मात्रा पायाच्या अंगठ्याने मोजीत, डोळे मिटीत, आणि पाहुण्यांस सांगत, “खरं संगीत इथं आहे.” पाहुणे माना डोलवीत, दुसरे काय करणार? वादन चालता राजियांशी बोलण्याची सक्त मनाई, आणि बोलण्याजोगे तर रोजच काही ना काही असे. म्हणोन राणीसाहेबांनी ही बारा मात्रांची जागा हेरली, आणि रोज संध्याकाळी पहिल्या मौनात विचारीत, “अहो, भात लावू?” राजे मान हलवीत. दुसऱ्या मौनात गॅस सिलिंडर, घरपट्टी, गळकी टाकी. आणि कन्येच्या सोयरिकीची गोष्ट निघाली ती तिसऱ्या मौनात: “मुलगा बरा आहे, हो कळवू?” राजियांनी मान हलविली, आणि लग्न जाहले. तेहतीस वर्षे राज्याचा कारभार ऐसा चालिला, आणि यात कोणास काही वावगे दिसले नाही.

मग शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, महाराजांस साठावे लागले, त्याचा दरबार भरला. सतरंजीवर वीस माणसे, आणि वरच्या मजल्यावर नुकतेच राहावयास आलेले गोव्याचे कायतान मास्तर, ज्यांणी जन्मभर गिटार शिकविली, तेही आपले वाद्य घेवोन आले. राजियांनी आरंभ केला. पहिले मौन आले. राणीसाहेब सवयीने वाकोन “अहो, बासुंदी” इतके बोलल्या, तोच मास्तरांच्या गिटारीतून ऐसा गोड सूर निघाला की राणीसाहेबांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले! बरोबर बारा मात्रा! हर हर, काय सांगावे, तेहतीस वर्षे जे रिकामे ऐकिले तिथे गाणे होते! मी दारापाशी उभा होतो, आपल्या कानांनी ऐकिले.

राजियांचे हात थांबले. “मास्तर, हे काय वाजवलंत?”

“पहिली गिटार,” मास्तर आनंदाने म्हणाले. “तुम्ही दुसरी वाजवता ना? साथ फार छान करता हां तुम्ही. पण तुमचा जोडीदार कुठे आहे?”

“कसला जोडीदार?”

मास्तरांनी कागदावरच्या दोन रेघांवर बोट ठेविले. “हा रोमन दोनचा आकडा. हे दुसऱ्या वादकाचं पान आहे, अच्युतराव. अर्धंच आहे हे.”

राजे उठोन आत गेले. बासुंदी कोणी चाखिली नाही. दुसरे दिवशी सकाळी महाराज गॅलरीत बैसले, आणि नेलकटर घेवोन उजव्या हाताची चारही नखे कापिली. टक, टक, टक, टक. राजा गादी सोडतो तेव्हा मुकुट उतरवितो ऐसे ऐकिले होते, नखे उतरविलेली प्रथमच देखिली. मला रडू आले, ते लपवीत नाही. “तेहतीस वर्षं मी कुणाची साथ करत होतो?” इतकेच बोलिले, आणि गिटार कपाटावर गेली.

मग वीस दिवस राज्यात अनर्थ. मनाई उठली तरी राणीसाहेबांस बोलावयाची जागाच सापडेना. भात दोनदा जास्त जाहला, सिलिंडर संपला तो कोणी नोंदविला नाही, आणि दोघे एकमेकांसमोर मुके बैसत. एकविसावे दिवशी राणीसाहेब स्टुलावर चढोन गिटार उतरवोन घेवोन आल्या, आणि राजियांचे मांडीवर ठेविली.

“वाजवा. मला विचारायचंय.”

“अगं, ते अर्धं आहे.”

“मग? उरलेलं अर्धं इतकी वर्षं मीच बोलत्ये ना?”

राजियांनी तारा जुळवोन घेतल्या. मग नखांवाचून, नुसत्या बोटांच्या मांसाने वाजवू लागले, आणि सूर मऊ निघाला, आणि पहिले मौन आले. “भात लावू?” राणीसाहेबांनी विचारिले. आणि तेहतीस वर्षे ज्यांणी केवळ मान हलविली ते राजे तोंडाने बोलिले, “लाव. आणि तू दमली असशील तर खिचडी टाक.” राणीसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला, आणि बाराच्या चौदा मात्रा जाहल्या, त्याचा हिशेब कोणी धरिला नाही.

पुढे रविवारी कायतान मास्तर पहिल्या गिटारीचे पान घेवोन मोठ्या उमेदीने आले. राणीसाहेबांनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, “मास्तर, बसा, ऐका. पण त्या तीन जागी वाजवू नका हं. तिथे मी असते.”

एवंच, महाराजांस तेहतीस वर्षे ठाऊक नव्हते की आपण कोणाची साथ करितो, ते साठावे वर्षी कळले. नखे पुन्हा वाढत आहेत. देखिले तैसे लिहिले, लेखणी शाबूत आहे.