इस्त्रीच्या टेबलावरची माशी

या वर्षी नदीवर किटलीला हात लावायचा नाही, असं टॉर्किल मॅकइनिसने जानेवारीतच जाहीर केलं.

आमच्या मासेमारी मंडळाचा नियम जुना आणि तितकाच दुष्ट. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून स्वतःच्या हाताने केलेली, माशाला भुलवणारी खोटी माशी दाखवायची. ज्याची माशी विकतची निघेल, त्याने वर्षभर काठावर सगळ्यांना चहा करून पाजायचा. टॉर्किल, आमचा निवृत्त पोस्टमन, तीन वर्षं चहाच करत होता. त्यात मंडळातला इमलॅक दर शनिवारी पाण्यात उभा राहून ओरडायचा, "पोस्टमन, साखर कमी आहे रे!"

तेव्हा टॉर्किल गावातल्या दुकानात गेला आणि गळ धरायचा व्हाइस मागितला.

"पहिलाच ना? मग फिरता घ्या," दुकानवाली एफी म्हणाली. "मूठ फिरवली की गळ स्वतःभोवती फिरतो, माशी चारी बाजूंनी दिसते. जड बैठकीचा देऊ, की टेबलाच्या कडेला आवळायचा?"

"जो हलणार नाही तो द्या."

"मग आवळायचा. पण तुमचं टेबल किती जाड आहे?"

"टेबल ते टेबल! त्याची काय जाडी विचारायची?"

घरचं टेबल त्याच्या बायकोच्या, ऊनाच्या, वडिलांनी धक्क्याच्या जुन्या फळ्यांचं केलेलं. चार बोटं जाड. व्हाइसचा शिकंजा उघडायचा तीन बोटं.

"एवढीशी कड तासली तर?" टॉर्किलने बायकोला विचारलं.

"माझ्या बाबांच्या टेबलाला रंधा लावून बघ. मग मी तुला तासते."

"अगं, पण..."

"बदलून आण की सरळ!"

"एफीने विचारलं होतं गं. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

खिडकीची कड दगडी निघाली. पलंगाची गोल निघाली. शेवटी त्याची नजर इस्त्रीच्या टेबलावर गेली आणि शिकंजा असा बसला, की जणू त्याच्यासाठीच केलेला. शिवाय दांडा दाबला की टेबल वरखाली होई. बसून करा, उभ्याने करा! टॉर्किल खूश झाला. एकदा आवळलेला व्हाइस काढायला मात्र तो तयार होईना. म्हणे, हाताला लागलेली सवय मोडते.

सहा आठवडे त्या घरात इस्त्री झाली नाही. ऊना चर्चमध्ये गायला जायची ती चुरगळलेल्या ब्लाउजने, आणि पुढच्या रांगेतल्या बायका गाण्याऐवजी तिच्या बाह्यांकडे बघायच्या. टॉर्किलच्या पहिल्या माश्या मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारख्या दिसत. पण गडी हटला नाही. चाळीस मोडल्या, एकेचाळिसावी झकास जमली.

पहिल्या दिवशी इमलॅकने ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली.

"दुकानातली आहे ही. पोस्टमनच्या बोटांतून असलं काम? छे!"

"शपथ घेतो ना!"

"शपथ कशाला? संशय आला तर डोळ्यांदेखत करून दाखवायची. नियम आहे. काय हो, मोराग आजी?"

ऐंशीच्या मोराग आजी आमच्या अध्यक्ष. त्यांनी मान डोलावली. टॉर्किल वळला आणि निघून गेला. "पळाला!" इमलॅक म्हणाला आणि आम्ही किटली भरून ठेवली.

अर्ध्या तासाने माळावरून टॉर्किल आला. खांद्यावर फुलाफुलांच्या कापडाचं इस्त्रीचं टेबल, त्याला लटकलेला व्हाइस. आम्ही पोट धरधरून हसलो. त्याने पाय उघडून टेबल काठावर उभं केलं, उंची लावली आणि कामाला लागला. पिसाची शेपूट, सशाच्या केसांचं अंग, मूठ फिरवून चांदीची तार. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

"माशी पक्की," मोराग आजी म्हणाल्या.

"आता मलाही संशय आलाय," टॉर्किल शांतपणे म्हणाला. "इमलॅकची होऊ दे."

इमलॅक टेबलापाशी आला. घसा खाकरला. "मला हे जरा उंच होतंय."

टॉर्किलने दांडा दाबला. "एवढं?"

"अजून थोडं खाली."

"आता?"

"अजून."

टेबल गुडघ्याला टेकलं. त्याच्याखाली ते जातच नव्हतं. इमलॅकने एकदा व्हाइसकडे बघितलं, एकदा आजींकडे, आणि जाऊन किटली उचलली.

"साखर बघून घाल रे!" टॉर्किल ओरडला. तीन वर्षांची वाफ त्या एका हाकेत निघाली.

तेवढ्यात माळावरून ऊना आली. धापा टाकत, काखेत कपड्यांची भली मोठी टोपली.

"ऊना! सुटलो गं! वर्षभर चहा नाही करायचा!"

"नक्की?"

"अगदी नक्की!"

"म्हणजे शनिवारी हात मोकळे." तिने टोपली त्याच्या हातात दिली. "सहा आठवड्यांचे आहेत. आणि माझा ब्लाउज आधी."

आम्ही सगळे नदीकडे बघत उभे राहिलो. टॉर्किलने हळूच दांडा दाबला आणि टेबल पुन्हा आपल्या कमरेइतकं वर घेतलं.