यकृत खोटं बोलत नाही

"माणूस खोटं बोलेल, वजनकाटा खोटं बोलेल, पण यकृत खोटं बोलत नाही!"

सरांचं हे लाडकं वाक्य. वर्गात तर ते म्हणायचेच, पण लिफ्टमध्ये कुणी नुसतं "आज जरा पोट जड वाटतंय" म्हटलं, की चौथ्या मजल्यापर्यंत त्याची सुटका नसे. आपण जेवलो, की इन्शुलिन यकृताच्या दाराशी येऊन सांगतं, "पुरे आता, साखर सोडायची थांबवा!" शहाणं यकृत लगेच ऐकतं. पण लोणी खाऊन तट्ट झालेलं यकृत? भरपेट जेवून लवंडलेल्या पाहुण्याला हाका माराव्यात, तशी गत! इन्शुलिन ओरडतंय आणि हे आपलं साखर सोडतंय! माशाचं तेल खाणाऱ्या उंदरांचं यकृत मात्र पहिल्या हाकेला ओ देतं, असा सरांचा सिद्धांत. उंदरांचे दोन गट करून, एकाला लोणी आणि दुसऱ्याला माशाचं तेल खाऊ घालून, त्यावर त्यांची विद्यार्थिनी प्रबंध लिहीत होती.

आता गंमत अशी, की सरांच्या स्वतःच्या यकृतावरही चरबी होती. ती शोधून काढली सरांच्या बायकोने, कारण ती सोनोग्राफीची डॉक्टर. त्या दिवसापासून सरांच्या डब्यात उकडलेला भोपळा येऊ लागला. मीठ बेताचं, तेल नाही, आणि लोण्याचा तर विषयच नको!

इकडे प्रयोगशाळेत विद्यार्थिनी लोणी गटाच्या उंदरांसाठी खाद्य बनवायची. लोणी, दुधाची पावडर, पीठ, साखर; सगळं मळून, थापून, भाजून वड्या. त्यांचा वास जिन्यापर्यंत यायचा. रोज सकाळी ती वड्या तोलून प्रत्येक पिंजऱ्याच्या डब्यात भरायची आणि संध्याकाळी उंदरांना घालायची. मधला सगळा वेळ ते डबे टेबलावर असायचे.

आणि टेबलासमोर सर असायचे. हातात भोपळा!

पहिल्या दिवशी त्यांनी एक तुकडा मोडला तो केवळ शास्त्रासाठी. खाद्याचा दर्जा नको तपासायला? दर्जा उत्तम होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करावीशी वाटली. पुढे ही तपासणी इतकी काटेकोर झाली, की कुठल्याही पिंजऱ्यावर अन्याय नको म्हणून सर प्रत्येक डब्यातून थोडं थोडं घेऊ लागले. एवढ्याशा वडीने काय होतंय!

एके दिवशी विद्यार्थिनी पडलेल्या चेहऱ्याने आली.

"सर, लोणी गटाचे उंदीर जाड होतच नाहीयेत."

"खात नसतील."

"खातात ना! सकाळी कणसुद्धा उरलेला नसतो. तरी यकृतं एकदम स्वच्छ. इन्शुलिनचं निमूटपणे ऐकतायत. सर, समितीसमोर मी काय सांगू? लोण्याने काही होत नाही?" तिचे डोळे भरून आले. "माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल हो!"

तिचा प्रबंध बुडाला, की सरांचा सिद्धांतही बुडणार!

"लोणी वाढव!" त्यांनी फर्मान सोडलं.

लोणी वाढलं. वड्या तोंडात ठेवताच विरघळू लागल्या. सर एका वडीऐवजी तीन खाऊ लागले आणि उंदीर आणखी सडपातळ झाले!

"साखरही वाढव!"

साखर वाढली. आता उंदीर पिंजऱ्यात उड्या मारू लागले, आणि सरांना जिना चढताना धाप लागू लागली. काळजीने होतंय सगळं, असं ते म्हणायचे. काळजी वाटली, की आणखी एक वडी.

शेवटी विद्यार्थिनी उंदरांच्या सोनोग्राफीची चित्रं घेऊन मॅडमकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे, सल्ल्याला गेली. नेमकी तेव्हाच सरांची तपासणी चालली होती. मॅडमनी तिला पडद्याआडूनच हाक मारली, "ये गं, दोन मिनिटं बस." पडद्यामागे सर पोट उघडं टाकून पडले होते, त्यांनी चटकन डोळे मिटले. विद्यार्थिनीची नजर बाहेरून दिसणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर गेली आणि ती खुर्चीतून ताडकन उठली.

"मॅडम, हेच! असंच पांढरंफटक यकृत दिसायला हवं होतं मला! हा कुठला उंदीर?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हा माझा नवरा."

सरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"अहो," मॅडमनी आवाज आणखी खाली आणला, "मी भोपळा देते. तुम्ही काय खाता?"

"भोपळाच! शपथेवर सांगतो!"

"यकृत खोटं बोलत नाही, असं कोण म्हणतं?"

सरांनी खुर्चीवर टाकलेल्या कोटाकडे चोरून पाहिलं. मॅडमनी तेवढंच हेरलं आणि खिशात हात घातला. दोन वड्या निघाल्या. एक अर्धी खाल्लेली.

विद्यार्थिनीने त्या ओळखल्या. आधी ती रडली, मग चिडली, आणि मग इतकी हसली, की मॅडमनी तिला पाणी दिलं. सर मात्र मनातून फार ओशाळले. "पोरी, तुझ्या उंदरांच्या तोंडचा घास काढला गं मी," एवढंच म्हणाले.

प्रयोग नव्याने झाला. या वेळी डबे कुलूपबंद आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. लोणी गटाचे उंदीर शिस्तीत गुबगुबीत झाले, यकृतं बहिरी झाली, आणि सिद्धांत तरला!

समितीसमोर विद्यार्थिनीने सगळी चित्रं दाखवली. आधीचा प्रयोग कसा फसला तेही सांगितलं आणि शेवटचं चित्र लावलं: 'प्रयोगाबाहेरचा एक नर, चोरून लोणी खाणारा'. सरांनी त्याला परवानगी दिली होती. नाही म्हणायला तोंड होतंच कुठे!

समितीचे अध्यक्ष चष्मा सावरून पुढे झुकले.

"वा! इतकं ठळक यकृत उंदरांमध्येही दिसलं नाही. कुठला प्राणी हा? आणि पुढे काय झालं याचं?"

विद्यार्थिनीने सरांकडे पाहिलं. सगळी समिती सरांकडे पाहू लागली. सरांनी मांडीवरचा डबा हळूच टेबलाखाली सरकवला.

"बरा आहे," ते म्हणाले. "सध्या भोपळ्यावर ठेवलाय."