दर रविवारी नवं तेल

आमचे शेजारी शालोमकाका वाक्रूळकर दर रविवारी सकाळी आपल्या कोऱ्या करकरीत गाडीचं बॉनेट उघडत, चालू इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवत आणि त्याची लाकडी मूठ कानाला लावून उभे राहत. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. नवख्या माणसाला वाटावं, इंजिन त्यांना घरातली भांडणं सांगतंय.

"आवाज हाय," काका डोळे न उघडता म्हणत.

"नाय काका," सदू म्हणे. सदू म्हणजे आमच्या नाक्यावरचा गॅरेजवाला.

"हाय. बारीक हाय. तेल काढ."

मग सदू मागच्याच रविवारी घातलेलं तेल काढी आणि नवं घाली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पहिलं तेल कधी बदलायचं ते छापलेलं होतं, आणि त्याप्रमाणे अजून कित्येक महिने बॉनेट उघडायचंही कारण नव्हतं. सदूने ते एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. काका म्हणाले, "लिवनाऱ्यानं तेल हातात घेतलंय काय कधी?"

तेलाच्या बाबतीत काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पेणेत बेने इस्राएलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जी मोजकी घरं उरली होती, त्यांतलं एक काकांचं. त्यांच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा काकांच्या जन्माआधीच गेला, पण तेल पारखायची खोड घरात राहिली. निघालेल्या तेलाचा थेंब ते चिमटीत चोळत, नाकाशी नेत. एकदा तर जिभेला लावतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

"नव्या इंजिनात लोखंडाचा कीस सुटतो. तो तेलात उतरतो. तेल खोटं बोलत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काढलेलं तेल धरमतरचे होडीवाले होडीला फासायला घेऊन जात. इतकं स्वच्छ तेल लाकडाला फासायला त्यांचाही हात धजावत नसे.

बरं, गाडी तरी साधी असावी? लालभडक, बुटकी, परदेशी इंजिनाची, जाहिरातीत घाटातून भन्नाट सुटणारी. काकू गेल्यापासून काका एकटे, मुलगा इस्राएलला. काकांनी नारळांची वाडी विकली तेव्हा चालले हे मुलाकडे, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच टाकलं. मी तर बरोबर द्यायला पापडही सांगून ठेवले होते. आणि काका मुंबईला जाऊन आले ते ही गाडी घेऊन! पापड आम्हीच खाल्ले.

एवढी पळणारी गाडी काका पेणेत अशी चालवत की सायकलवाले पुढे जात. "इंजिन नवं हाय. जरा बाळसं धरू दे," म्हणत. शनिवारी तर किल्लीलाही हात नाही. मग दर रविवारी नवं तेल कशाला? आणि मुळात ही गाडी कशाला? माझं गणपतीच्या रंगांचं दुकान. दिवसभर रंग कालवता कालवता मी विचार करी, पण काही उलगडत नसे.

अशात एका शुक्रवारी बहिणीकडून परतताना मी नागोठण्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत होतो. रोह्याकडून काहीतरी लाल आलं आणि गेलं. धूळ खाली बसल्यावर ध्यानात आलं, ती काकांची गाडी होती! आत तीन म्हातारे आणि कंपनीच्या गणवेशातला एकजण, सगळे डोक्यावरच्या टोप्या हाताने दाबून बसलेले. मी हात केला, तर काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर गोंधळ उडाला.

रविवारी मी काकांना गाठलंच.

"आमच्या मशिदीत दहा पुरुष लागतात," काका म्हणाले. त्यांच्या प्रार्थनामंदिराला आळीत सगळे, ते स्वतःही, मशीदच म्हणतात. "दहा जमले तरच सगळी प्रार्थना व्हते. पेनेत आमी सहाच उरलो. चौघं रोह्याला. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्यांना हितं आनायचं. बुडाला की आमचा शनवार लागतो, तो सरंपर्यंत गाडीत बसायचं नाय."

"मग दुपारीच आणा की सावकाश."

"एकाची शिफ्ट नाय सुटत. सुटली की निघायचं. आधी माझी जुनी जीप व्हती. तिनं एकदा रामवाडीजवळ दगा दिला, सूर्य बुडाला, चौघं उतरून चालत आले. बिन्यामीन तर काठी टेकत." बिन्यामीन म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. "हितं बाकीचे ताटकळले. तवाच ठरवलं, पळनारी गाडी घ्यायची. पन नव्या इंजिनाला असं पळवलं तर कीस सुटनारच. एका शुक्रवारी इंजिन बसलं, तर दहा व्हनार नाय. म्हनून ऐकतो."

त्या दिवशी मी सदूला बाजूला घेऊन सांगितलं, आवाज असो नसो, तेल चांगलं घालत जा.

पुढे बिन्यामीनमामांना त्यांच्या मुलीने इस्राएलला नेलं. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा नागोठण्याच्या स्टँडवर होतो, आणि लाल गाडी चक्क माझ्यापुढे थांबली.

"ये, बस. जागा हाय," काका म्हणाले.

मी खुशीत बसलो. रोह्याचे तिघं जरा सरकले. वडखळ मागे पडलं तेव्हा मला कळलं, ही जागा कुणाची. मग मी अंग चोरून बसलो.

काकांनी गाडी दर शुक्रवारसारखीच भन्नाट सोडली होती. पोचलो तेव्हा सूर्य चांगला वर होता. मशिदीच्या अंगणात पाचजण थांबले होते. काकांनी सगळ्यांना मोजलं. आकडा ठाऊक असून पुन्हा मोजलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मला धरा की. टोपी घालतो."

सगळे हसले. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आलास हेच लय झालं. पन तू नाय चालत रे बाबा."

नऊजण आत गेले आणि आपापलं हळू आवाजात वाचू लागले. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. मला फार वाईट वाटलं.

आता रविवारचं तेल बंद होईल, असं मी धरून चाललो होतो. पण रविवारी काका पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून उभे!

"आवाज हाय. तेल काढ," ते म्हणाले.

सदूला राहवलं नाही. "काका, आता कुठं पळवायची हाय गाडी?"

"बिन्यामीनला तिकडं करमनार नाय," काका म्हणाले. "मी वळखतो त्याला. येनार तो. विमान मुंबईला उतरनार. नि नेमकं शुक्रवारी उतरलं, तर? मुंबई काय रोह्याएवढी जवळ हाय?"

सदूने माझ्याकडे पाहिलं, मी सदूकडे. मग तो डबा घेऊन गाडीखाली शिरला.